प्रवासाचा हेतू : इतर

नगररचनेत उमेदीची वर्षं घालवली की नकाशाचे रंग डोळ्यांत बसतात. पिवळा म्हणजे वस्ती, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे बागा आणि मैदानं. विद्यमान भूवापराचा नकाशा भिंतीवर लागला की शहर हातात आल्यासारखं वाटतं. मला मात्र पहिल्यापासून त्या पिवळ्या रंगाबद्दल अस्वस्थता आहे. त्याचा हिशेब असा, की इथे माणसं राहतात, सकाळी उठून निळ्या नाहीतर जांभळ्या भागात कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. मधल्या वेळात तिथे काय चालतं, याची नोंद नकाशात कुठेच नसते. तिथे स्वयंपाक होतो, पाणी भरलं जातं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली जाते, घरबसल्या शिवणकाम चालतं, लेकरांचा अभ्यास घेतला जातो. भारतात २०१९ साली वेळेच्या वापराचं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण झालं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि पुरुषांची ९७. म्हणजे रोजचे जवळजवळ पाच तास, आणि तेही निव्वळ घरकामाचे. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल त्यात धरलेली नाही. आमच्या नकाशात हे सगळे तास पिवळ्या रंगाखाली दबून जातात.

मला नगररचनेच्या कामाबद्दल जे सांगायचं आहे ते या दबलेल्या तासांबद्दल आहे. बाई अधिकारी झाली की शहर बायकांसाठी आपोआप बरं होईल, असं मला कधीच वाटलं नाही, आणि आता तर मुळीच वाटत नाही. अधिकारी बदलतात. त्यांच्या बदल्या होतात, त्या निवृत्त होतात. जे मोजलं गेलं, नियमात लिहिलं गेलं आणि ज्याच्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडलं गेलं, तेवढंच मागे राहतं. माझ्या नोकरीतली खरी धडपड याचसाठी होती.

मी रुजू झाले तेव्हा बाई म्हणून मला पहिल्यांदा ‘सामाजिक’ विषय दिले गेले: पाळणाघरं, महिला मेळावे, जनजागृती. त्या विषयांना मी कमी लेखत नाही. पण त्यांच्याकडे पैसा नव्हता, जमीन नव्हती आणि निर्णयही नव्हता. शहराचं रूप ठरत होतं ते रस्त्यांच्या आणि परिवहनाच्या टेबलावर. मी ते टेबल मागून घेतलं. वरिष्ठांना नवल वाटलं, काहींना काळजीही वाटली, कारण साइटवर जावं लागतं, ठेकेदारांशी बोलावं लागतं. तिथे गेल्यावर मला कळलं की बायकांचा प्रश्न कशाला म्हणतात तो सगळा या टेबलावरच पडून आहे. फक्त त्याच्या फायलीवर तसं लिहिलेलं नाही.

या क्षेत्रात माझ्याआधी येऊन गेलेल्या बायकांची आठवण मला त्या काळात फार धीर द्यायची. अमेरिकेतल्या कॅथरीन बाऊर यांनी १९३७चा गृहनिर्माण कायदा घडवण्यात मोठा वाटा उचलला. जॅकलिन टिरविट या ब्रिटिश नगररचनाकार बाईंनी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांचे भारतातले अहवाल संपादित करून १९४७ साली वाचकांपुढे आणले, आणि १९५४ साली दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या घरबांधणीविषयक परिसंवादाची धुरा सांभाळली. टिरविट यांचं नाव आमच्या अभ्यासात एखाद्या तळटीपेपुरतंच यायचं. संपादन, समन्वय, इतिवृत्त अशी कामं त्या आयुष्यभर करत राहिल्या, आणि त्या कामांवर उभे राहिलेले पुरुष प्रसिद्ध झाले. पण इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात काय ताकद असते, हे सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला नीट ठाऊक असतं. बैठकीत झालेलं बोलणं विरून जातं, इतिवृत्तातलं वाक्य दहा वर्षांनीही काढून दाखवता येतं.

तर परिवहनाच्या टेबलावर मला पहिल्यांदा भेटला तो प्रवास-सर्वेक्षणाचा फॉर्म. सर्वेक्षक घरोघरी जातो आणि विचारतो: कुठून निघालात, कुठे गेलात, कशाने गेलात, किती वाजता, हेतू काय? हेतूचे रकाने ठरलेले असतात: नोकरी, शिक्षण, खरेदी, करमणूक, इतर. एखादी बाई सकाळी घरातून निघते, धाकट्याला बालवाडीत सोडते, वाटेत सासूबाईंची औषधं घेते, मग कामावर जाते. दुपारी परतताना मुलाला घेते, वीजबिल भरते, भाजी घेते, आईकडे डोकावून घरी येते. तिच्या दिवसाचे या फॉर्मवर तुकडे होतात. औषधं ‘खरेदी’त जातात. आईकडे डोकावणं ‘करमणुकी’त जातं, मग त्या आईला इंजेक्शन द्यायचं असलं तरी. मुलाला सोडणं-आणणं ‘इतर’मध्ये. आणि जे टप्पे पायी व थोड्या अंतराचे असतात, ते पुष्कळदा नोंदवलेच जात नाहीत. उरतो तो घर ते काम आणि काम ते घर असा एक सरळ प्रवास. त्यावर गणिती प्रारूप चालतं, त्यातून बसचे मार्ग निघतात, मेट्रोची आखणी होते, कुठला रस्ता रुंद करायचा ते ठरतं.

स्पेनच्या नगररचनाकार इनेस सान्चेस दे मादारियागा यांनी याच जागी बोट ठेवलं. माणसांच्या देखभालीसाठी होणारे सगळे प्रवास एकत्र मोजा, त्यांना स्वतंत्र रकाना द्या, असं त्यांनी मांडलं. माद्रिदमधल्या त्यांच्या अभ्यासात हे प्रवास असे गोळा केल्यावर त्यांचा वाटा नोकरीसाठीच्या प्रवासाच्या जवळ जाऊन पोचला. शहरातल्या हालचालीचा इतका मोठा भाग ‘इतर’मध्ये विखरून पडला होता!

आमच्या एका सर्वेक्षणात मी हा रकाना घालायचा आग्रह धरला तेव्हा विरोध झाला, आणि विरोध करणारे दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की फॉर्म लांबेल, सर्वेक्षक कंटाळेल, आणि जुन्या आकडेवारीशी तुलना करता येणार नाही. तिसरा मुद्दा खरा होता. म्हणून जुने रकाने तसेच ठेवून आम्ही प्रत्येकाखाली एक उपप्रश्न जोडला: हा प्रवास दुसऱ्या कोणासाठी होता का? कुणाला सोबत घेतलं होतं का? एवढ्या दोन ओळींनी तक्त्यांचं चित्र बदललं. भर दुपारी, जेव्हा आम्ही बसच्या फेऱ्या कमी करत होतो, तेव्हा थांब्यांवर कोण उभं असतं ते कागदावर आलं. दर वेळी बसमध्ये चढताना नवं तिकीट काढावं लागण्याचा भुर्दंड कुणावर पडतो तेही आलं. थेट जाणाऱ्याला एक तिकीट आणि तीन कामं उरकत जाणारीला तीन तिकिटं. ठरावीक वेळेत कितीही बस बदलता येतील असं तिकीट हा या दुखण्यावरचा साधा आणि अनेक शहरांत रुळलेला उपाय आहे. पण तो सुचायला आधी त्या तीन तिकिटांची नोंद व्हावी लागते.

व्हिएन्नाचं उदाहरण मी आयुष्यात इतक्या बैठकांमध्ये दिलं आहे की सहकारी ते माझ्याआधी सांगू लागले होते. तरी इथे सांगते, कारण त्यात मला सगळ्यात जास्त रस तिथल्या शिस्तीचा आहे. १९९१ साली नगररचनाकार एफा काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बायकांच्या रोजच्या शहरी जगण्याची छायाचित्रं मांडणारं एक प्रदर्शन भरवलं. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या काही बायकांचा एकेक दिवस. दुसऱ्या वर्षी महापालिकेत महिला विभाग सुरू झाला आणि काइल त्याच्या प्रमुख झाल्या. मग ‘फ्राउएन-वेर्क-श्टाट’ या नावाचा ३५७ घरांचा गृहप्रकल्प बायका वास्तुरचनाकारांकडून करवून घेतला गेला. १९९७मध्ये तो पुरा झाला. तिथे मजल्यावर बाबागाड्या ठेवायला जागा आहे, जिने रुंद आहेत, आवारात बालवाडी आहे, दवाखाना आहे. यातलं काहीच नेत्रदीपक नाही. वर्तमानपत्रात फोटो यावा असं काही नाही. पण कडेवर मूल आणि हातात पिशव्या घेऊन जिना चढलेल्या माणसाला विचारा, रुंद जिन्याची किंमत काय ते.

बागांची गोष्ट तर मला अजून जास्त शिकवून गेली. नव्वदच्या दशकात तिथल्या अभ्यासातून दिसलं की नऊ-दहा वर्षांपुढच्या मुली बागांमधून दिसेनाशा होतात. मुलगे मात्र दिसतात. कुणी मुलींना मनाई केली नव्हती. बागेत मध्ये एकच मोठं उघडं मैदान, भोवती जाळी, आत जायला एक दार. एकदा मुलांचा घोळका आत खेळू लागला की मुली त्या दारातून जात नसत. १९९९पासून तिथल्या दोन बागा वेगळ्या रचून पाहिल्या: जाळीच्या कुंपणाला जास्त दारं, मोठ्या मैदानाचे छोटे भाग, बसायला आणि घोळक्यानं गप्पा मारायला जागा, पायवाटांवर उजेड. मुली परत आल्या.

मी हे वाचलं तेव्हा आमच्या बागेच्या आराखड्यांकडे पाहिलं. क्षेत्रफळ बरोबर, लोकसंख्येच्या मानानं प्रमाण बरोबर, बागेसाठी आरक्षित जागा ताब्यात, सगळं नियमात. दार एकच, कारण चौकीदार एकच. म्हणजे दाराचा प्रश्न हा आस्थापना खर्चाचा प्रश्न होता. अशा जागी मला आमच्या कामाची गंमत आणि कठीणपण दोन्ही जाणवतं. अकरा वर्षांची मुलगी बागेत जाईल की नाही, हे पगारपत्रकातल्या एका पदावर ठरत असतं.

स्वच्छतागृहांबद्दल थोडं विस्तारानं लिहायला हवं, कारण त्याबद्दल अजूनही लोक कुजबुजत बोलतात. पुरुष आणि स्त्रियांना सारखं क्षेत्रफळ दिलं की समानता झाली असं नकाशावर दिसतं. पण तेवढ्याच जागेत पुरुषांच्या बाजूला मुताऱ्या धरून जास्त सोयी बसतात, आणि बायकांना वेळही जास्त लागतो: कपडे, पाळी, गरोदरपण, सोबतचं मूल, सोबतची म्हातारी आई. म्हणून बायकांची रांग लागते. न्यूयॉर्क शहरानं २००५ साली नाट्यगृहं, मैदानं अशा नव्या गर्दीच्या जागांसाठी नियम केला की पुरुषांच्या एका सोयीमागे बायकांच्या दोन हव्यात. हा आकडा हवेतून आलेला नाही, घड्याळ लावून मोजलेल्या वेळांचा तर्क त्याच्या मागे आहे. आणि ज्या बायकांचं कामच रस्त्यावर आहे, म्हणजे सफाई कामगार, फेरीवाल्या, बांधकाम मजूर, वाहतूक पोलीस, त्या रांगेतही नसतात. त्या दिवसभर पाणी कमी पितात. मूत्रमार्गाच्या संसर्गाचं हे एक कारण आहे आणि त्याचा बंदोबस्त आरोग्य खात्याइतकाच आमच्या खात्यानं करायचा आहे. मुंबईत २०११पासून बायकांनी याच मागणीसाठी मोहीम चालवली. त्यांनी काय केलं, तर मोजलं. कुठे स्वच्छतागृह आहे, कुठे कुलूप आहे, कुठे पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे पडतात, याच्या याद्या केल्या आणि त्या महापालिकेपुढे ठेवल्या. मला त्या बायकांबद्दल फार आदर आहे. आम्ही पगार घेऊन जे करायला हवं होतं ते त्यांनी उन्हातान्हात फिरून केलं.

सुरक्षिततेच्या बाबतीतही मोजण्याचीच गोष्ट आहे. टोरोंटोतल्या मेट्रॅक या संस्थेनं १९८९मध्ये स्त्रियांच्या सुरक्षितता-पाहणीची पद्धत तयार केली, आणि ती पुढे जगभर पसरली. बायकांनी अंधार पडल्यावर आपल्याच वस्तीत एकत्र चालायचं आणि लिहून काढायचं. आम्ही तसे चाललो. दिवे होते, पण खांबांची आखणी गाड्यांच्या मार्गासाठी केलेली होती. उजेड डांबरावर, पदपथ झाडांच्या सावलीत. लांबच लांब बंद कुंपणभिंत, तिच्यात खिडकी नाही, दार नाही, म्हणजे हाक मारली तर ऐकणारं कुणी नाही. बसथांबा वस्तीपासून दूर, जिथे गाडी थांबवणं सोपं तिथे. कॅमेऱ्यांची मागणी त्या रात्री एकाही बाईनं केली नाही, असं मला चांगलं आठवतं. त्यांना माणसं हवी होती: उघडी दुकानं, फेरीवाले, रात्री उशिरापर्यंत चालणारी अभ्यासिका. नंतरच्या बैठकीत निधी मात्र कॅमेऱ्यांना मिळाला, कारण कॅमेऱ्यांची निविदा काढता येते. उघड्या दुकानांची कशी काढणार? कुंपणभिंतीची उंची कमी करून वरचा भाग जाळीचा ठेवण्याचं कलम तेवढं आम्हाला विकास नियंत्रण नियमांत घालता आलं. ते आजही आहे.

आता सार्वजनिक सुनावणीबद्दल. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचना मागवतात. कागदावर ही सगळ्यांना खुली असलेली प्रक्रिया आहे. प्रत्यक्षात सुनावणी कचेरीच्या वेळात असते, समोर जमीनमालक, त्यांचे वकील, त्यांचे वास्तुविशारद. जमीन ज्याच्या नावावर त्याला हरकत. बायकांच्या नावावर जमीन किती? राखीव जागांमुळे सभागृहात बायका आल्या. ७४व्या घटनादुरुस्तीनं १९९३पासून शहरी स्थानिक संस्थांत किमान एक तृतीयांश जागा त्यांना मिळाल्या, महाराष्ट्रानं २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. नगरसेविकांबद्दल जे तुच्छतेनं बोलतात त्यांच्याशी मी कायम वाद घातला आहे. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या सांगण्यावरून बोलणारी बाई तिसऱ्या वर्षी नळाच्या व्यासाबद्दल अभियंत्याला प्रश्न विचारते, हे मी सभागृहात बसून पाहिलं आहे. पण सुनावणीच्या खोलीत बायका नव्हत्याच. आम्ही एका विभागात शाळेच्या वर्गात, दुपारी, मुलांना सांभाळायची व्यवस्था करून बैठका घेतल्या. रस्तादुभाजकात कुठे फट हवी, पदपथाची पायरी म्हातारीला किती उंच पडते, शाळा आणि वस्तीच्या मध्ये आलेल्या कुठल्या भिंतीमुळे किती वळसा पडतो, हे सगळं इतकं नेमकं आलं की तरुण सहायकांनी थेट नकाशावरच खुणा करायला घेतल्या.

आणि ‘बायका’ म्हणताना तरी कोण? विकासाच्या अभ्यासक केरोलाइन मोझर यांनी बायकांच्या तिहेरी कामाची मांडणी केली: घरचं, कमाईचं आणि वस्तीचं. ती मला पुनर्वसनाच्या प्रकल्पांत पदोपदी पटली. वस्ती उठवून शहराच्या टोकाला पक्की घरं दिली की पुरुष लांबून का होईना कामाला जातो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काम मात्र अंतरावर उभं असतं. दोन घरं करून, लेकराला पाहून, पुन्हा दोन घरं करायची. एका बाजूला तासभर बसप्रवास आला की ती साखळी तुटते. तिला पक्कं घर मिळतं आणि तिची कमाई जाते. प्रकल्प अहवालात हे ‘लाभार्थी’ म्हणून नोंदवलं जातं. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्याचा आग्रह मी धरला आणि त्याचा उपयोग झाला, पण गेलेलं काम त्यानं परत आलं नाही.

केलेलं टिकतं का, हा प्रश्न मला नोकरीच्या उत्तरार्धात जास्त छळू लागला. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या गावानं बर्फ हटवायचा क्रम बदलून पाहिला होता: आधी पदपथ आणि सायकलवाटा, बालवाड्यांकडे जाणारे रस्ते, मग मोठे मार्ग. कारण घसरून पडून जखमी होणाऱ्यांत चालणारे जास्त, आणि चालणाऱ्यांत बायका जास्त. स्टॉकहोमनंही ते धोरण घेतलं. नोव्हेंबर २०१६मध्ये तिथे विक्रमी हिमवृष्टी झाली, वाहतूक ठप्प झाली, आणि खापर फुटलं ते या ‘समानतेच्या’ बर्फसफाईवर. इतका बर्फ पडल्यावर कुठल्याही क्रमानं वाहतूक अडलीच असती, पण टीका करणाऱ्यांना सोयीचं नाव सापडलं होतं. कोलंबियाची राजधानी बोगोटात वेगळं घडलं. क्लाउदिया लोपेस महापौर असताना २०२०पासून तिथे देखभाल-केंद्रांचे विभाग उभे राहिले. बाई तिथे येऊन शाळा पुरी करते, कायदेशीर सल्ला घेते, कपडे धुऊन घेते, व्यायाम करते, आणि तेवढा वेळ तिचं मूल किंवा तिच्यावर अवलंबून असलेला म्हातारा माणूस तिथेच सांभाळला जातो. महापौरपदाची मुदत संपण्याआधी, २०२३मध्ये, शहराच्या परिषदेनं ठराव करून ही व्यवस्था कायम केली. नवे महापौर आले, केंद्रं चालू राहिली. मी तरुण सहकाऱ्यांना केंद्रांचे फोटो दाखवण्याआधी त्या ठरावाबद्दल सांगते.

सध्या सुधारित आराखड्याच्या मसुद्यात आम्ही पाळणाघर आणि वृद्धांचं दिवसा सांभाळकेंद्र यांना स्वतंत्र आरक्षण दिलं आहे, आणि त्या जागा बसस्थानकांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर धरल्या आहेत. त्यातल्या दोन जागा मोक्याच्या आहेत, म्हणून आरक्षण बदलून मागणारे अर्ज आधीच आले आहेत. चालवायचा खर्च कुठल्या लेखाशीर्षातून करायचा यावर वित्त विभागाचा शेरा अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय आरक्षणाला अर्थ नाही, म्हणून आठवड्यातून एकदा मी स्वतः तिथे जाऊन विचारते. सुनावणी या वेळी दुपारी तीनला ठेवली आहे, शाळेच्या इमारतीत. नोटीस तयार आहे. आता ती घरोघरी पोचवायची आहे.